शेळीच्या नावानं घेतलेलं कर्ज

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी ‘मनाचं आजारपण’ या विषयावर केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



विषय आरोग्याचा आहे, पण सुरुवात कर्जापासून करते. आपल्याच एका गटातल्या ताईंनी मागच्या वर्षी ३००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. मागणी अर्जावर कारण लिहिलं, शेळी खरेदी. दोन महिन्यांनी मी गटाला भेट द्यायला गेले आणि सहज म्हटलं, “ताई, शेळी दाखवा की.” त्या गप्प. मग म्हणाल्या, “मेली.” मागून कुणीतरी बोललं, “आली कधी अन् मेली कधी?” सगळ्या हसल्या. मीही हसले. वहीत शेरा मारला, ‘कर्जाचा वापर कारणाप्रमाणे नाही.’ त्याआधीच्या तीन बैठकांना त्या आल्या नव्हत्या, म्हणून दंडही लावायला लावला.

शेळी नव्हतीच. ते पैसे दवाखान्यात गेले होते. हे मला त्यांनी पुढे चार महिन्यांनी, एसटीची वाट बघताना सांगितलं. त्यांच्या परवानगीनेच आज बोलते आहे. नाव आणि गाव विचारू नका. आणि मी समाजकार्याचं शिक्षण घेऊन आलेली बाई, माझ्या समोर बसलेलं आजारपण मला दिसलं नाही, मला दिसली फक्त न आलेली शेळी. हे आधी कबूल करते.

त्या म्हणाल्या, “घरात सगळं धड आहे गं. पोरं शिकतात, नवरा पीत नाही. पण आत कुणी राहतच नाही असं वाटतं. चुलीपाशी उभी राहिले की उभीच राहते. मग एकदम जिवाची अशी घालमेल होते की घर सोडून चालत सुटावं. सकाळी सुनेवर जीव ओवाळते, दुपारी तिलाच नाही नाही ते बोलते, रात्री तोंडावर पदर घेऊन रडते. मला कुणी काय केलंय, तेच समजत नाही.”

आता बघा, आपल्याकडे याला शब्द कमी नाहीत. रितं वाटणं, जीव न रमणं, हुरहूर, कासावीस होणं, मन भरून येणं. पण दवाखान्यात गेल्यावर यातला एकही शब्द आपण काढत नाही. ताई दोनदा खासगी दवाखान्यात गेल्या आणि दोन्ही वेळा सांगितलं काय? “अंग दुखतं, अशक्तपणा आहे, झोप येत नाही.” बाहेर रांग लागलेली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. पैसे संपले आणि रितेपण तसंच राहिलं. डॉक्टरांनी आणखी विचारायला हवं होतं, हे खरंच. पण आपणही निम्मं दुखणं घरीच ठेवून जातो.

म्हणून जाताना काय सांगायचं, ते नीट ऐका. जमलं तर कागदावर लिहून न्या, लेकीकडून लिहून घ्या. किती दिवसांपासून आहे? दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज मन उदास किंवा रितं असेल, आवडीच्या कामातही जीव लागत नसेल, तर ते दाखवण्यासारखं दुखणं आहे. झोप, भूक कशी आहे? बाळंतपणानंतर सुरू झालं का, की पाळी जायच्या वयात? घरात मारहाण आहे का, हेही सांगा. मार चालू असताना नुसत्या गोळीनं काय होणार? त्यासाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर वेगळा आहे.

एक गोष्ट तर कुणीच सांगत नाही. अधूनमधून याच्या अगदी उलट दिवस येतात का? म्हणजे कित्येक दिवस झोप जेमतेम, तरी थकवा नाही, अंगात भलताच उत्साह, बोलणं थांबत नाही, खर्चाला धरबंद नाही. असं कधी झालं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्या आजाराची औषधं वेगळी असतात आणि नुसत्या उदासीची गोळी दिली तर त्रास वाढू शकतो.

डॉक्टर आधी रक्त तपासतील. आपल्यात रक्त कमी असणाऱ्या बायका किती, ते तुम्हीच जाणता. रक्त कमी असेल किंवा थायरॉईड बिघडलं असेल, तरी मन असं होऊ शकतं.

गोळ्या दिल्या तर तिसऱ्या दिवशी “फरक नाही” म्हणून टाकून देऊ नका. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. सुरुवातीला मळमळतं, ते बहुतेक वेळा कमी होतं. बरं वाटल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. या गोळ्यांची नशा लागत नाही. सवय लागते ती मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची. तो उद्योग आपल्या गावात चालतो, मला माहीत आहे.

काहींचं दुखणं तरुणपणापासूनचं असतं. क्षणात राग, क्षणात माया, माणसं तोडणं आणि पुन्हा त्यांच्यासाठीच झुरणं, आणि आत कायमची पोकळी. “हिचा स्वभावच तसा” म्हणून आपण मोकळ्या होतो. त्यालाही उपचार आहे. त्यात गोळीचा वाटा लहान. शिकलेल्या समुपदेशकाशी ठरवून, महिनोन्‌महिने बोलणं हा मुख्य उपचार. वेळ लागतो, पण फरक पडतो.

बोलून काय होतं, असं मघाशी एक काकू म्हणाल्या. गोव्यात ‘संगाथ’ नावाची संस्था आहे. त्यांनी मानसोपचार न शिकलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत उदासीच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. एकेकाशी सहा ते आठ भेटी. काय करायचे? मन लागत नसलं तरी पूर्वी बरं वाटायचं असं एखादं छोटं काम ठरवून करायला लावायचं, पुढच्या भेटीत कसं झालं ते विचारायचं, अडलं तर वाट काढायची. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा याने जास्त लोक बरे झाले, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. आपल्या ताईंना समुपदेशकानं पहिलं काम काय दिलं असेल? रोज संध्याकाळी शेजारणीबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायचं. त्या म्हणाल्या, “पहिले आठ दिवस तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.” आता शेजारीणच हाक मारायला येते.

देवळात जा, नवस करा, मी कशाला नाही म्हणू. फक्त देवरुषी “गोळी बंद कर” म्हणाला तर ते ऐकू नका.

आता भीतीचं बोलू. “मनाच्या डॉक्टरकडं गेलं की येरवड्याला टाकतात.” येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथं सरकारी मनोरुग्णालयं आहेत, पण मी सांगते आहे त्या दुखण्यातल्या बहुतेक बायका चिठ्ठी काढतात, डॉक्टरांना भेटतात आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी येऊन भाकऱ्या टाकतात. ताईंना शेवटी जिल्हा रुग्णालयात गुण आला. तिथं मानसोपचाराचा विभाग असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी दवाखान्यात हा उपचार मिळण्याचा आणि आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. लेकीची सोयरीक मोडेल म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

प्रवासही जमत नसेल तर १४४१६ हा नंबर लिहून घ्या. ‘टेली-मानस’, सरकारी सेवा, २०२२ पासून सुरू आहे. फोनला पैसे नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. घरात बोलता येत नसेल तर शेतातून करा.

आणि एखादी मैत्रीण “आता जगून काय करायचं” असं म्हणाली तर “असं बोलू नये गं” म्हणून तिचं तोंड बंद करू नका. सरळ विचारा, “मरायचे विचार येतात का?” विचारल्यानं असे विचार डोक्यात घातले जात नाहीत, उलट तिला बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, १४४१६ ला फोन लावून द्या, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फवारणीची औषधं त्या घरातून हलवा, नाहीतर कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडं द्या. हे आजच्या आज करायचं काम आहे, पुढच्या बैठकीत ठराव घेऊन नाही.

राहता राहिलं कर्ज. दशसूत्रीत सहावं सूत्र आरोग्याचं आहे. बाळंतपणाला, अपेंडिक्सला आपण एका दमात कर्ज मंजूर करतो. मग ताईंना शेळी का लिहावी लागली? आपण हसलो असतो म्हणून. आणि आपण हसलोच. यापुढे अर्जावर ‘आजारपण’ एवढंच लिहायचं, कोणतं ते गटात विचारायचं नाही, असा ठराव आज मांडते. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतूनही मदत मागता येते, लिपिकाताईंशी बोला. लागोपाठ दोन बैठका चुकवणाऱ्या सदस्याच्या घरी दंडाआधी एक जण जाऊन येईल, हा त्याच ठरावाचा दुसरा भाग.

वहीतला माझा शेरा मला खोडता आला नाही, हिशोबाच्या वहीत खाडाखोड चालत नाही. त्याच्याखाली नवीन ओळ लिहून सही केली: ‘कर्जाचा वापर उपचारासाठी झाला.’ हप्ते चालू आहेत, दोन राहिलेत.

जिल्हा रुग्णालयात मनाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आशाताईंकडून कळवते. ज्यांना यायचं आहे त्यांनी मला फोन करा किंवा नुसता मिस कॉल द्या, कारण सांगायची गरज नाही. पहिल्या गाडीनं जाऊ. मी स्टँडवर उभी असेन. आधार कार्ड, जुने कागद आणि भाकरी बरोबर घ्या, चिठ्ठीच्या रांगेत वेळ जातो.