खुराक आणि उसने बळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



साठी उलटलेल्या माणसांनी महाविद्यालयाच्या बाकावर बसावे, हे दृश्य थोडे गमतीचेच. आपल्या व्यायामशाळा समितीचे आम्ही तिघे गेल्या वर्षी येथे, ग्वाल्हेरातच, क्रीडा-पोषण आणि उत्तेजक द्रव्ये या विषयाचा अभ्यासक्रम शिकलो. नातवंडांच्या वयाचे सहाध्यायी आम्हांला प्रथम 'सर' म्हणत. पहिल्या चाचणीतील आमचे गुण पाहिल्यावर 'काका' म्हणू लागले!

या खटाटोपामागे एक शल्य होते. मंडळ एका होतकरू मल्लाला खुराकासाठी दरमहा मदत देत असे. एके दिवशी त्याच्या पिशवीतून भुकटीचा एक डबा निघाला. त्यावर ना घटकांची यादी, ना उत्पादकाचा पत्ता. आम्ही रागावलो. तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "काका, कितवा आलास, हे तुम्ही सगळे दर वेळी विचारता. काय खातोस, हे कुणी कधी विचारलेच नाही." आम्ही निरुत्तर झालो.

अभ्यासक्रमाचा पहिला भाग खुराकाचा. कसून मेहनत करणाऱ्या खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे दिवसाकाठी सुमारे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या मुलाला ७२ ते १२० ग्रॅम. अर्धा लिटर दुधातून सुमारे १६, चार अंड्यांतून २४ आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून २५ ग्रॅम मिळतात. उरलेली गरज वरण, उसळ आणि पोळी भागवतात. शिवाय जोरकस झुंजीचे मुख्य इंधन प्रथिने नव्हेत, तर पिष्टमय पदार्थांपासून स्नायूंत साठलेली साखर होय. तेव्हा भात-पोळी सोडून डब्यामागे धावणे हा उलटा न्याय झाला. आपल्या आजीचे ताट विज्ञानाच्या परीक्षेत उतरले, याचा आम्हांला मनस्वी आनंद झाला.

दुसरा भाग ऐकताना मात्र वर्ग गंभीर झाला. स्नायू वाढवणारी स्टेरॉइडे बाहेरून घेतली की शरीर आपले स्वतःचे पौरुष-संप्रेरक निर्माण करणे आवरते घेते. वाढीच्या वयात हाडांची वाढ अकाली थांबू शकते. यकृत आणि हृदय यांनाही धोका पोहोचतो. उसन्या बळाचे व्याज असे देहातूनच वसूल होते.

१९८८ साली सोल येथे बेन जॉन्सनने शंभर मीटर अंतर ९.७९ सेकंदांत कापले आणि अवघ्या तीन दिवसांत त्याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. ती जाणूनबुजून केलेली लबाडी होती. परंतु २००० साली सिडनीत सोळा वर्षांच्या आंद्रेया रदुकान या रुमानियन मुलीचे सुवर्णपदक गेले, ते संघाच्या डॉक्टरांनी दिलेल्या सर्दीच्या गोळीमुळे! देहात निषिद्ध द्रव्य सापडले की जबाबदारी खेळाडूची, असा हा कठोर नियम आहे. आपल्याकडेही राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था २००९ पासून तपासणी करीत आहे आणि २०२२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. म्हणून साध्या खोकल्याचे औषध घेतानाही, "मी स्पर्धेत उतरणारा खेळाडू आहे", हे डॉक्टरांना सांगणे अगत्याचे. आणि निनावी डबा तर घरात आणूच नये.

१९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला धाडण्यासाठी लोकांनी पदरमोड केली होती. खेळाडूच्या पाठीशी उभे राहण्याची ही आपली परंपरा आहे. पण पैसा देऊन आपले कर्तव्य संपत नाही. आपली अपेक्षा मुलाच्या खांद्यावर किती जड झाली आहे, हेही पाहावे लागते. तो डबा मुलाने आणला खरा. त्याची वाट मात्र आमच्या प्रश्नानेच दाखवली होती.

त्या मुलाची मदत आम्ही थांबवली नाही. डबा टाकून दिला आणि त्याच्या आईसमवेत बसून आहाराचा तक्ता केला. त्या वर्षी तो उपान्त्य फेरीत हरला. मंडळात पेढे वाटले गेले नाहीत. पण तो परतला तेव्हा स्थानकावर गेलेल्या आम्हां तिघांनी त्याला प्रथम विचारले, "जेवलास का?"

सुवर्णमहोत्सवानिमित्त आपण सर्वांनी हा एवढाच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.