ड्रम मशीनसाठी परवडणारा कॉम्प्रेसर

ध्वनीची पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तिची वाढ आवरणारे उपकरण म्हणजे कॉम्प्रेसर होय. वादकाचे ठोके कमीजास्त होतात. उलट १९८० सालच्या रोलँड टीआर-८०८ सारख्या ड्रम मशीनचे ठोके बव्हंशी एकसारखे उमटत असल्याने तेथे कॉम्प्रेसरचे खरे काम पातळी सारखी करण्याचे नसून ठोक्याला आकार देण्याचे असते, आणि म्हणूनच घरगुती स्टुडिओसाठी उपकरण निवडताना अटॅक व रिलीज, अर्थात दाब बसण्याचा आणि सुटण्याचा वेळ, हाताने बदलता येतो की नाही, हे किमतीच्याही आधी पाहावे. अटॅक २० ते ३० मिलिसेकंद ठेवल्यास किक ड्रमचा आरंभीचा आघात निसटून जातो व मागचा घुमारा तेवढा आवळला जातो. तोच एका मिलिसेकंदावर आणल्यास ठोका बोथट होतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत दोन मात्रांमधले अंतर ५०० मिलिसेकंद असल्याने रिलीज त्याहून पुरेसा कमी हवा, अन्यथा पुढचा ठोका दबलेलाच उमटतो.

अलेसिस ३६३० हे १९९० च्या दशकात गाजलेले स्वस्त यंत्र काहीसे ओबडधोबड खरे, परंतु फ्रान्सच्या डाफ्ट पंक या जोडीने त्याचे दबणे-उसळणेच आपल्या संगीताचे वैशिष्ट्य बनवले. सफाई हवी असणाऱ्याला एफएमआर कंपनीचा आरएनसी १७७३ अधिक योग्य ठरेल. दोन्हींत साइडचेनची, म्हणजे दाब ठरवणारा सिग्नल वेगळा देण्याची, सोय आहे. त्या सिग्नलातला खर्ज गाळला, तर किकबरोबर हाय-हॅट विनाकारण दबत नाही.