उचल घेण्याआधी
(पेठ वडगाव येथे मंडळीच्या सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)



‘सिटीलाइट्स’ हा हंसल मेहता यांचा २०१४ सालचा हिंदी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. राजस्थानातला दीपक कर्जापायी गावचे कापडाचे दुकान सोडून बायको आणि लहान मुलीसह मुंबईला येतो. घर मिळवून देतो म्हणून त्याला कोणी फसवते. अर्धवट बांधलेल्या इमारतीत आसरा मिळतो. बायको राखीला डान्सबारमध्ये नाचावे लागते. दीपक पैशांच्या पेट्या पोचवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागतो आणि शेवटी त्या पेटीपायीच जीव गमावतो.

लोक याला गुन्हेगारीपट म्हणतात. मला मात्र पेटीची चोरी ही गोष्टीची शेपटी वाटते. गोष्ट सुरू होते ती गावातल्या कर्जापाशी.

रायगड-ठाण्याकडच्या कातकरी भावंडांचे असेच आहे. त्यांची मुंबई म्हणजे वीटभट्टी. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरातले धान्य संपते. नेमका तेव्हाच भट्टीवाल्याचा माणूस वाडीवर येऊन उचल देतो. पाऊस सरला की सगळे घर भट्टीवर. मुलांची शाळा सुटते. उन्हाळ्याअखेर हिशेब होतो, तेव्हा अनेकांच्या अंगावर बाकी निघते आणि पुढल्या साली पुन्हा तीच भट्टी. आपल्या भागात ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्याही मुकादमाची उचल घेऊनच येतात. पाचटाच्या खोपीत राहणारी ती माणसे आपण दर हंगामात पाहतो.

१९७६च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली. माणसाला बांधून ठेवणारे असे कर्ज फेडण्याचे बंधनही त्याने काढून टाकले. जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. पण ज्याच्या घरात आज चूल पेटलेली नाही, तो कायद्याची वाट पाहत नाही. समोरची उचल घेतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. नाताळात आपण कपडे, ब्लँकेट मोठ्या मनाने देता. त्या वेळी कितीतरी घरांना कुलूप असते, माणसे भट्टीवर गेलेली असतात. त्या मदतीतला मोठा वाटा आषाढ-श्रावणात धान्यरूपाने द्या. दोन महिन्यांचे तांदूळ घरात असले, तर उचलीला ‘नको’ म्हणण्याचे बळ येते. आणि आपल्या शिवारात टोळी उतरली, की त्यांच्या मुलांचे नाव जवळच्या शाळेत घालायला त्यांच्याबरोबर जा. शाळेची पायरी चढायला परक्या गावात सोबत लागते.