कूस बदलताना येणारी चक्कर

नाशिक रोडच्या माझ्या दवाखान्यात सकाळी हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे, ‘डॉक्टर, कूस बदलली की घर गरगर फिरतं.’ प्रेसमधून निवृत्त झालेले कुणी काका असतात, कुणी जेल रोडच्या आजी. निदानही बरेचदा घरूनच आलेलं असतं : पित्त, नाहीतर मानेचा मणका. काहींनी गळ्याला पट्टाही बांधलेला असतो!

दोष बहुधा कानात असतो. अंतर्कर्णातल्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण चिकटलेले असतात. ते सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले, की डोकं हलताच सरकतात आणि मेंदूला खोटी बातमी देतात. ही चक्कर सहसा मिनिटभरात थांबते. गोळ्यांनी कण जागेवर जात नाहीत. त्यासाठी डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याची एप्ली यांची पद्धत आहे. ती बहुतेकांना लागू पडते, पण डॉक्टरांकडून करून घ्यावी.

पण कण सुटतात का? वय, डोक्याला मार, ठिसूळ हाडं ही कारणं दिली जातात. आणखी एक संशय रक्तवाहिन्यांवर आहे. अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी धमनी अगदी बारीक, तिला पर्यायी वाट जवळपास नाहीच. एकच रस्ता असलेल्या वाडीसारखी गत. १९५६ मध्ये लिंडसे आणि हेमेनवे यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांना आधी अचानक जोराची चक्कर आली आणि पुढे कूस बदलताना येऊ लागली. आतली धमनी बंद पडली असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. या रुग्णांत रक्तदाब, मधुमेह जास्त आढळतात, असं काही अभ्यास सांगतात. मात्र हे आजारही वयाबरोबरच वाढतात. त्यामुळे दोष धमनीचा की वयाचा, हे सिद्ध झालेलं नाही.

म्हणून मी रक्तदाब आणि साखर तपासतो, पण ‘बीपीची गोळी घ्या, चक्कर जाईल’ असं वचन देत नाही. सरसकट मानेच्या धमन्यांची सोनोग्राफीही सांगत नाही. तो खर्च उगाच.

मात्र चक्कर थांबतच नसेल, एकाचे दोन दिसत असतील, जीभ अडखळत असेल, हातपाय लुळे पडत असतील किंवा उभंच राहता येत नसेल, तर लिंबू-सरबत देऊन झोपवू नका. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या.