पाटी वाचायला शिका

(शिरवळ येथील तरुणांच्या मेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअरमधला माणूस, इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की ती लगेच पुसायची नाही. ती कोणी, कधी आणि का लिहिली ते आधी शोधायचं. हीच सवय मी रस्त्यावरच्या पाट्यांना लावली.

इथे हायवेला उभे राहा. काही दुकानांच्या पत्त्यात अजून 'एन.एच. ४' लिहिलेलं सापडेल. हा रस्ता आता एन.एच. ४८ आहे, महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले. म्हणजे पाटीवर साल नसलं तरी तिचं वय कळतं. फोन नंबर पाच आकडी असेल तर पाटी आणखी जुनी.

आता सरकारी पाटी पाहा. 'तहसील कार्यालय, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा.' यातले तहसील, तालुका, जिल्हा हे तिन्ही शब्द अरबी-फारसीतून आले. तहसील म्हणजे वसुली, तालुका म्हणजे संबंध असलेला मुलूख, जिल्हा म्हणजे बाजू. शेजारी 'महसूल' लिहिलं असेल तर तोही त्यातलाच. 'तुमची भाषा वेगळी' असं कोणी म्हणालं, तर भांडू नका. त्याला हात धरून तहसीलच्या पाटीसमोर न्या.

नीरेच्या काठी सुभानमंगळ गढी होती. आज फारसं काही उरलेलं नाही. पण नाव बघा, सुभान अरबी आणि मंगळ संस्कृत. १६४८ मध्ये विजापूरच्या फत्तेखानाच्या मोहिमेत आदिलशाहीच्या बाजूने ही गढी घेणारा सरदार होता बाळाजी हैबतराव. ती परत जिंकली शिवाजी महाराजांच्या कावजी मल्हाराने. सरळ 'हिंदू विरुद्ध मुसलमान' असा फलक या गढीवर लावताच येत नाही.

इथून जवळच नायगाव आहे, सावित्रीबाईंचं जन्मगाव. हायवेवरची पाटी तुम्ही रोज पाहता. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई माहेरी आजारी होत्या, तेव्हा त्यांनी जोतीरावांना नायगावहून पत्र लिहिलं. त्या पत्रात पुण्यातल्या फातिमाची आठवण आहे. आपल्यावाचून तिच्यावर कामाचा भार पडत असेल याची त्यांना काळजी होती. ही फातिमा म्हणजे फातिमा शेख. पाटीवर तिचं नाव नाही. पण ती पाटी दिसली की तुम्हाला ते नाव आठवलं पाहिजे.

थोडं दूर जाऊ. अलिबागजवळच्या नागावला एक मराठी शिलालेख आहे. त्यात काळ दोन पद्धतींनी दिला आहे, हिजरी ७६९ आणि शके १२८९. म्हणजे इसवी सन १३६७ च्या सुमारास मराठी लिहिणाऱ्या माणसाला हिजरी सन परका वाटत नव्हता. अशा जुन्या दगडांवर कधी गाढवाचं चित्रही असतं. त्याला गद्धेगाळ म्हणतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर आणि खाली दानपत्र मोडणाऱ्याला दिलेली सणसणीत शिवी. आजची 'येथे गाडी लावू नये' ही पाटी त्यापुढे फारच सभ्य!

या सगळ्याला छंद म्हणून सोडून देऊ नका. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होतं. तिथे उर्दूचा वापर १९५६ पासून चालत आला होता. एका माजी नगरसेविकेने त्याला हरकत घेतली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांनी उर्दू कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच मातीतली आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. उर्दू तिथे किती वर्षं चालत आली आहे, हे त्या वादात सांगता आलं. उद्या तुमच्या गावात असा वाद झाला, तर 'पहिल्यापासून होतं' एवढं म्हणून चालणार नाही. फोटो लागेल, साल लागेल.

आता आपल्या घरातलं बोलतो. कटू वाटेल. जुने लेख फक्त दुसरेच पुसतात असं नाही. उरूस जवळ आला की दर्ग्याच्या कमानीवर ऑइल पेंट चढतो आणि कोरलेली फारसी ओळ त्याखाली बुजते. मशिदीचं नूतनीकरण होतं, जुना दगड निघतो आणि तिथे चकचकीत टाइल बसते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण पुरावा जातो तो जातोच.

म्हणून तीन कामं सांगतो. पहिलं, आपल्या गावातल्या जुन्या पाट्या, कोनशिला, कबरींवरचे लेख यांचे फोटो काढा. सकाळी किंवा संध्याकाळी काढा, तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. सोबत ठिकाण आणि तारीख लिहा. दगडावर खडू, तेल, चुना काही लावू नका. दुसरं, दादी-नानींना, मशिदीच्या ट्रस्टींना, तसंच देवळाच्या पुजाऱ्यांनाही विचारा. त्यांनी सांगितलेलं 'असं सांगतात' म्हणूनच लिहा; व्हॉट्सॲपवर इतिहास म्हणून ढकलू नका. तिसरं, वाचता येत नसेल तर जाणकारांकडे जा. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. आणि जमलं तर मोडी शिका. देवनागरी तुम्हाला येते, घरात उर्दू असेल तर तीही येते. तिन्ही लिप्या वाचणारी मुलं महाराष्ट्राला हवी आहेत, आणि ती आपल्या घरांतून सहज तयार होऊ शकतात.

आजच सुरुवात करा. घरी जाताना एक पाटी थांबून वाचा.