जुनी करिझ्मा, जुनी सीबीआर : गाडी घ्यायची, पण कोणत्या हिशोबानं?

(या भागातलं बोलणं वाचण्यासाठी थोडं नीट करून इथं देतोय. बोलण्याचा बाज मुद्दाम तसाच ठेवलाय.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या व्हॉईस मेसेजवरून सुचला. हा भाऊ गेवराई तालुक्यातला. त्याचं म्हणणं असं, ‘दादा, पुण्यात एक जुनी सीबीआर 250 बघितलीय, 2011 ची. मालक साठ हजार म्हणतोय. माझ्याकडं बरोबर साठच आहेत. घेऊ का?’

प्रश्न एका ओळीचा आहे. पण त्यातला एकच शब्द मला खटकला, तो म्हणजे ‘बरोबर’. साठची गाडी आणि बरोबर साठच खिशात. आजचं सगळं बोलणं त्या एका शब्दावर आहे.

आधी ही जात कोणती ते बघू. स्पोर्ट्स टूरिंग म्हणजे दिसायला रेसची, पण बसायला लांबच्या प्रवासाची गाडी. पुढं फेअरिंग असतं, म्हणजे छातीवर वारा कमी येतो. हँडल फार खाली वाकलेलं नसतं, म्हणजे दोनशे किलोमीटरनंतरही कंबर जागेवर राहते. बाहेरच्या देशांत या जातीत हजार-तेराशे सीसीच्या गाड्या असतात. आपल्याकडं मात्र ही हौस 220-250 सीसीत भागली. 2003 साली हिरो होंडाची करिझ्मा आली, 223 सीसीची. जाहिरातीत हृतिक रोशन. त्या वेळी कॉलेजात असलेल्या पोरांना विचारा, अजून डोळे चमकतात. मग 2009 ला पूर्ण फेअरिंगची, फ्युएल इंजेक्शनची झेडएमआर आली. बजाजची पल्सर 220 त्याच काळातली. आणि 2011 ला होंडाची सीबीआर 250 आर आली. सिंगल सिलिंडर, पण लिक्विड कूल, सहा गिअर, आणि वरच्या मॉडेलला एबीएस. 2020 ला बीएस 6 आलं आणि ती आपल्याकडं बंद झाली.

आपल्या जिल्ह्यात अशा गाडीला काम आहे का? आहे की. बीडहून संभाजीनगर म्हणा, सोलापूर म्हणा, धुळे-सोलापूर हायवे आता चांगला झालाय. मांजरसुंब्याचा घाट आहे, धारूरचा घाट आहे. परळी-अंबाजोगाई तर आपलं घरच. शंभरच्या आतबाहेर निवांत चालणारी, मागं कोणी बसलं तरी दम न टाकणारी गाडी हवीशी वाटणारच. नवी घ्यायची तर दोन-अडीच लाखांच्या गोष्टी. म्हणून पोरं जुन्याकडं वळतात. त्यात काही चूक नाही.

आता मुद्द्यावर येऊ. जुन्या गाडीला तीन किमती असतात. मालक सांगतो ती पहिली. कागद सरळ करायला लागते ती दुसरी. गाडी रस्त्यावर भरवशाची करायला लागते ती तिसरी. आपण घासाघीस करतो फक्त पहिलीवर. आणि माणूस अडकतो दुसरी-तिसरीत.

कागद आधी, सेल्फ नंतर

2011 ची गाडी 2026 मध्ये पंधरा वर्षांची होते. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. ते संपलं की रिपासिंग करावं लागतं आणि ते पुढं पाच वर्षांसाठी मिळतं. दुचाकीची रिपासिंगची फी पूर्वी तीनशे रुपये होती, एप्रिल 2022 पासून ती हजार झाली. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि उशीर झाला असेल तर वाढत जाणारा दंड. म्हणून आरसी हातात घेतली की पहिली नजर टाकायची ‘वैध कधीपर्यंत’ या तारखेवर. गाडी चकाचक आहे पण पासिंग दोन महिन्यांवर आलंय, तर तो खर्च कोणाचा? हे तिथंच, किंमत ठरायच्या आधी बोलायचं. पासिंग मालकानं करून द्यावं हे सगळ्यात उत्तम, कारण अडचण असेल तर ती त्याच्या दारात कळते.

मग चॅसिस नंबर. हँडलखाली, मानेवर कोरलेला असतो. आरसीवरचा आणि तो, अक्षर न अक्षर जुळवायचा. घासल्यासारखा, पुन्हा ठोकल्यासारखा वाटला तर चहा प्यायचा आणि निघायचं. गाडीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का बघा. कर्ज फिटलं असं तोंडी चालत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पासिंग, विमा, बोजा बघता येतो. ई-चलानही तपासा. पुण्यात फिरलेल्या गाडीवर सिग्नलची चलानं असू शकतात. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबरप्लेट बसलीय का तेही बघून घ्या.

हैदराबादची गाडी स्वस्त मिळते म्हणून काही जण तिकडं जातात. परराज्यातल्या गाडीला फॉर्म 28 ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई बऱ्याचदा तिथंच संपते.

नाव लावणं म्हणजे उपकार नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं ऐका. आपल्याकडं सर्रास काय चालतं? पैसे दिले, फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या घेतल्या, डिक्कीत ठेवल्या, आणि गाडी दोन-तीन वर्षं त्याच्याच नावावर फिरवली. ‘बघू की नंतर.’ पुढं विकायची झाली की त्याच सह्यांवर तिसऱ्याला.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा 1988, कलम 50. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत नाव लावून घ्यायला अर्ज करायचा. ‘दंड कितीचा होणार?’ असं वाटतं. पण प्रश्न दंडाचा नाहीच.

2018 मध्ये सुप्रीम कोर्टापुढं एक प्रकरण आलं होतं. एकानं गाडी विकली, ती पुढं हातोहात गेली, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. अपघातात एका मुलाचा जीव गेला. कोर्टानं सांगितलं, रजिस्टरवर ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून मोकळा झालो असं समजणारा माणूस मोकळा झालेला नव्हता. म्हणून गाडी विकणाऱ्यांनो, ट्रान्सफर तुमच्याही गरजेची आहे.

आणि घेणाऱ्याचं काय? विमा घेताना आपण ‘ओनर-ड्रायव्हर’चं अपघात कव्हर घेतो. 2018 पासून ते 15 लाखांचं आहे. म्हणजे गाडी चालवताना मालकाचा जीव गेला तर घरच्यांना 15 लाख. पण कोणाला? ज्याचं नाव आरसीवर आणि पॉलिसीवर आहे आणि ज्याच्याकडं लायसन्स आहे, त्याच्या घरच्यांना. गाडी तुम्ही चालवताय, नाव पुण्यातल्या माणसाचं आहे, तर त्या कव्हरमध्ये तुम्ही कुठंच नाही. रात्रीचा हायवे, समोर बिनलाइटची उसाची ट्रॉली. हे चित्र मी घाबरवायला सांगत नाही, हंगामात आपण रोज बघतो. घरात कमावणारा एकच असेल तर एका फॉर्मच्या आळसानं 15 लाख जातात.

विम्याचं अजून एक. गाडी विकली की थर्ड पार्टीचं कव्हर कायद्यानं नव्या मालकाकडं येतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं मात्र आपोआप येत नाही. 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव घ्यायचं. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस हा त्याचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळणार नाही, म्हणून प्रीमियम थोडा वाढेल हे धरून चाला.

आता गाडी बघू

मालकाला आधीच सांगा, ‘भाऊ, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ गेल्यावर इंजिनला हात लावा. गरम असेल तर समजा, त्यानं आधीच चालू केलीय. थंड इंजिन कसं उठतं, त्यात अर्धं सत्य असतं. पहिल्या मिनिटात टायमिंग चेनचा खुळखुळाट ऐका. सायलेन्सरमागं बघा. निळसर धूर येत राहिला तर गाडी ऑईल खाते, म्हणजे पिस्टन-बोअरचं काम.

सीबीआर असेल तर कूलंट थंड असतानाच बघायचं. गरम रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडायचं नाही. ऑईल दुधाळ दिसलं तर कूलंट आत शिरलंय, सौदा सोडा. मग दहा-पंधरा मिनिटं उभी चालू ठेवा आणि रेडिएटरचा पंखा फिरतो का बघा. पुण्याच्या जानेवारीत पंखा नसला तरी भागेल. बीडच्या मे महिन्यात, बेचाळीसच्या उन्हात, नाही भागणार. झेडएमआरला इंजेक्शनचा दिवा चावी लावल्यावर लागून विझला पाहिजे. एबीएसचा दिवा गाडी थोडी पुढं गेली की विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर कोणीतरी बल्ब काढलाय का, हा प्रश्न विचारा.

फेअरिंगवाल्या गाडीचा धोका असा की, पडझड झाकली जाते. बाहेरचं प्लास्टिक नवं दिसतं, म्हणून आतल्या खुंट्या आणि ब्रॅकेट बघा. तुटलेल्या, तारेनं बांधलेल्या आहेत का? फुटरेस्टची टोकं, लिव्हरची टोकं घासलीत का? सरळ रस्त्यावर हळू चालवताना हँडल एका बाजूला ओढतं का? मेन स्टँडवर किंवा कोणाला तरी उचलायला लावून पुढचं चाक हवेत घ्या आणि हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेलाय. शॉकअपवर ऑईलचा थर असेल तर सील गेलंय. क्लच बघायचा तर पाचव्या गिअरला, कमी वेगात, एकदम रेस द्या. आवाज वाढला पण गाडी ढिम्म, तर क्लच प्लेटा संपल्या.

टायरवर चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. पावसात मांजरसुंब्याचा घाट उतरताना त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

टाकीत मोबाईलचा टॉर्च मारून गंज बघा. जास्त काळ उभी राहिलेली गाडी असेल तर हे हमखास बघायचं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचं रबर-प्लास्टिक त्या हिशोबानं बनवलेलं असतं, त्याआधीच्यांचं नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, उभ्या गाडीच्या टाकीत ते त्रास देतं. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या, कार्बोरेटरची सीलं घेतल्याबरोबर बदलायच्या यादीत धरा. गंमत बघा, ऊस तोडायला आपलीच माणसं जातात आणि त्याच उसाचं इथेनॉल आपल्याच जुन्या करिझ्माची नळी खातं.

मग भावाला काय सांगू?

साठ हजार खिशात असतील तर चाळीस-बेचाळीसच्या गाडीकडं बघ. उरलेला तिसरा हिस्सा गाडीचाच आहे, पण तो मालकाला द्यायचा नाही. त्यात ट्रान्सफर, विमा, रिपासिंग, टायर, चेनस्पॉकेट, ब्रेक पॅड, नळ्या आणि एक पूर्ण सर्व्हिस. आणि चांगलं हेल्मेट त्यातच धर.

दुसरं, गाडी ठरवायच्या आधी मेकॅनिक ठरव. करिझ्मा, पल्सर 220 उघडून बसवणारा हात तालुक्याच्या गावातही सापडतो. सीबीआरचं बंद झालेलं प्लास्टिक, रेडिएटर, एबीएसचे भाग मागवावे लागतात आणि गाडी तोवर उभी राहते. गावापासून रोज कामावर जायला हीच एक गाडी असेल, तर सीबीआर कितीही गोड असली तरी साधी करिझ्मा बरी. दुसरी गाडी घरात असेल, तर सीबीआर जरूर बघ.

तिसरं, पूर्ण पैसे त्या दिवशी द्यायचे, ज्या दिवशी ट्रान्सफरचा अर्ज दाखल होईल. तोवर इसार आणि साध्या कागदावर लिहिलेला करार, तारीख आणि वेळेसकट. मालक म्हणाला, ‘आज दुसरं गिऱ्हाईक येतंय’, तर येऊ द्यावं. या गाड्या दुर्मिळ झाल्यात, पण संपल्या नाहीत.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेच्या गाडीला असतं, आणि ते तीन ठिकाणी मोजावं लागतं. तिन्ही मोजून परवडत असेल तर बिनधास्त घे भावा. आणि आरसीवर तुझं नाव आलं की मेसेज कर, त्याआधी नाही.

तुमच्या गाडीचे प्रश्न असतील तर पाठवा. पुढच्या भागात भेटू. सावकाश चालवा, हेल्मेटचा पट्टा लावून.