हळदीच्या मांडवात अननसाचा ग्लास

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील, काहीजणी नाक मुरडतील. विषय आहे अननसाच्या रसाचं कॉकटेल.

कॉकटेल म्हटलं की आपल्याला दारू आठवते. खरं तर त्याचा साधा अर्थ दोन-चार पेयांचं मिश्रण. लांब अमेरिकेजवळ पोर्तो रिको नावाचं बेट आहे. तिथलं ‘पिन्या कोलाडा’ जगभर प्यायलं जातं. त्यात अननसाचा रस, नारळाचं घट्ट दूध आणि रम असते. पण नावाचा अर्थ काय, तर गाळलेला अननस! म्हणजे नावात दारू नाहीच. रम काढली तर उरतात अननस आणि नारळ, आणि ते दोन्ही आपल्या बाजारात मिळतात.

हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडच्या हळदी. एप्रिल-मे महिन्यात गावोगाव मांडव पडतात आणि हळदीच्या रात्री काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बाया आणि पोरं एका बाजूला पाणी पितात, दुसऱ्या बाजूला बाटल्या फुटतात. दारूविरुद्ध आपण बोलतो आणि बोलायलाच हवं. पण मांडवात पाहुण्यांच्या हातात द्यायला दुसरं चांगलं, थंडगार, दिसायला देखणं काही असेल, तर बोलण्याला जोर येतो. शिवाय ते आपल्या गटाचं उत्पन्न होतं. माळशेजला आणि माहुलीला येणारे पर्यटक, म्हशाची यात्रा ही गिऱ्हाइकं वेगळीच.

आता कृती सांगते, वही घ्या. दहा ग्लासांसाठी अननसाचा रस एक लिटर, पाणी अर्धा लिटर, साखर शंभर ग्रॅम, कोकमाचं आगळ चार मोठे चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा छोटा चमचा. आगळात मीठ असतं, म्हणून चव घेतल्याशिवाय वरून मीठ घालू नका. दुसरा प्रकार नारळाचा. एक लिटर रसाला पाव लिटर घट्ट नारळाचं दूध आणि चवीपुरती साखर. हे आयत्या वेळीच मिसळायचं, ठेवून द्यायचं नाही.

अननसाच्या काही खोडी आहेत, त्या माहीत हव्यात. कच्च्या रसात ब्रोमेलिन नावाचा पदार्थ असतो, तो प्रथिनं तोडतो. म्हणून ताजा अननस दुधात घातला की दूध कडू होतं आणि फुटतं. खूप फळं सोलली की हात चुरचुरतात तेही बरंचसं त्यामुळेच, म्हणून हातमोजे घाला. रस गाळून स्टीलच्या पातेल्यात, कडेनं बुडबुडे येईपर्यंत तापवला की ब्रोमेलिनचा जोर जातो. रस आंबट असतो, म्हणून ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ वापरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे रस आंबणं. उन्हाळ्यात अननसाचा रस बाहेर राहिला की त्यावर फेस येतो, झाकण उघडताना फुस्स होतं. म्हणजे साखरेची दारू व्हायला सुरुवात झाली. असा रस ओतून द्या. साखर घालून खपवू नका. रस सकाळी काढा, गार करून बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

तिसरी गोष्ट पाणी. तानसा आणि भातसा धरणं आपल्या शहापुरात, पाणी मुंबईला, आणि आपल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. म्हणून सरबताचं पाणी उकळूनच घ्या. बर्फही त्याच पाण्याचा करा, किंवा बाहेरचा बर्फ फक्त पेटीभोवती लावा, ग्लासात घालू नका. एका हळदीत लोक आजारी पडले तर गटाचं नाव कायमचं जातं. विक्री सुरू करण्याआधी अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या आणि तिचा १४ अंकी क्रमांक टेबलावर लावा.

आता हिशोब. समजा शंभर ग्लास करायचे. दहा लिटर रस लागेल. एका मध्यम फळाचा अर्धा लिटर रस धरला तर वीस फळं. साठ रुपयांनी बाराशे झाले. साखर, आगळ, गॅस, बर्फ, ग्लास, गाडीभाडं मिळून आठशे धरा. झाले दोन हजार. इथेच आपण थांबतो आणि पंचवीस रुपयांना ग्लास देऊन खूश होतो. पण चार बायकांची मजुरी कुठे गेली? तीनशेप्रमाणे बाराशे त्यात घाला. एक ग्लास बत्तीस रुपयांना पडला. चाळीसला विकला तर गटाला आठशे उरतात. तुमच्या बाजारभावाने आकडे बदला, पण मजुरीची ओळ खोडू नका.

शेवटी अवघड प्रश्न. फार्महाऊसवाले विचारतात, “ताई, नुसता रस द्या, त्यात काय घालायचं ते आम्ही बघू.” द्यायचा का? माझं मत सांगते. बंद बाटलीतला रस विकणं हा आपला धंदा आहे, गिऱ्हाईक पुढे काय करतं ते आपल्या हातात नाही. पण तिथे उभं राहून दारूत रस मिसळून देणं, पेले भरणं, हे काम घ्यायचं नाही. विनापरवाना दारू देणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. आणि रात्री उशिरा प्यायलेल्या लोकांत आपल्या बायांना उभं करणं कुठल्याच पैशात बसत नाही. काही गटांना नुसता रस देणंही पटणार नाही. ज्या घरात दारूनं माणूस गेलाय, तिथली बाई ‘नको’ म्हणाली तर तिचं ऐका. या विषयावर मासिक बैठकीत बोला, ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. म्हणजे उद्या मोठी ऑर्डर आली की अध्यक्ष एकटी अडचणीत येणार नाही.

हळदीची ऑर्डर घेताना मात्र एक अट आधीच सांगा. आमचं टेबल बायका-पोरांच्या बाजूला लागेल आणि त्यावर बाटली येणार नाही. मांडव त्यांचा असला तरी टेबल आपलं आहे.

पुढच्या बैठकीला दोन अननस आणा, करून बघा, आणि चव कशी झाली ते आम्हाला कळवा.